मुंबईची खारी हवा, पाऊस आणि आपली सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलच्या देखभालीबद्दल वाचायला मिळणारा बहुतेक सल्ला थंड आणि कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेला असतो. त्यात सगळा हिशोब किलोमीटरचा. मुंबईत सायकल जितकी चालवून झिजते, तितकीच नुसती उभी राहूनही झिजते. समुद्राकडून येणारं मीठ, जून ते सप्टेंबरचं पाणी आणि जागोजागच्या बांधकामांची सिमेंटची धूळ हे तिघं मिळून तिला खातात. खालची उत्तरं हे धरून लिहिली आहेत. बाजारात येणाऱ्या नव्या तंत्राकडेही मी एकाच प्रश्नाने बघतो: हे बिघडलं तर इथे, आपल्या हाताने किंवा आपल्या नाक्यावरच्या दुकानात, नीट होईल का?

माझी सायकल आठवड्यातून एकदाच निघते. तरी चेनला गंज कसा चढतो?

गंज चढायला सायकल चालवावी लागत नाही. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, कार्टर रोड, वर्सोवा, गोराई अशा समुद्रालगतच्या पट्ट्यात हवेत मिठाचे अतिशय बारीक कण असतात. ते लोखंडावर बसतात आणि हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून घेतात. त्यामुळे आकाश कोरडं असलं तरी चेनवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. गंजाला एवढं पुरतं. मोठ्या भरतीला कठड्यावरून उडणारं पाणी अंगावर घेत फेरी मारली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच चेनवर तांबूस पूड दिसते.

समुद्राकडून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा आणि चेनला ताजं तेल द्या. धुताना मग किंवा झारी वापरा. गाड्या धुणाऱ्या सेंटरवरचा प्रेशर पंप सायकलवर कधीही मारू नका. हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची बेअरिंग) यांचे सील धूळ अडवण्यासाठी असतात, दाबाखालचं पाणी त्यांच्या आत सहज घुसतं आणि मग तिथून बाहेर पडत नाही.

गॅलरीत सायकल प्लास्टिकच्या कव्हरखाली गच्च बांधून ठेवण्याची सवयही सोडा. आत वाफ कोंडते. जुनी सुती चादर टाकलेली बरी. हवा खेळते आणि धूळही बसत नाही.

चेन बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

मोजून. नुसत्या नजरेला हे कळत नाही आणि 'अजून चालतेय की' या वाक्यावर विसंबलं तर चेनबरोबर कॅसेटही, म्हणजे मागच्या दातेरी चक्र्यांचा संचही, जाते.

घरातली स्टीलची फूटपट्टी घ्या. चेनच्या दोन लागोपाठच्या पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे असे २४ जोड मिळून बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. पॅडलवर हलका दाब देऊन वरची चेन ताणून धरा. पट्टीचं शून्य एका पिनेच्या बरोबर मधोमध ठेवा आणि २४ जोड मोजून पलीकडची पिन बघा. ती १२ इंचाच्या रेघेवर बसली तर चेन उत्तम आहे. रेघेच्या दीड मिमी पुढे गेली तर झीज अर्धा टक्का झाली. ११ आणि १२ स्पीडच्या (मागे तेवढ्या चक्र्या असलेल्या) चेन इथेच बदलायच्या. ८, ९ आणि १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे साधारण सव्वादोन मिमीपर्यंत, थांबता येतं. पिन तीन मिमी पुढे दिसली तर बहुधा कॅसेटचे दातही वाकड्या धारेचे झाले असणार, आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारणार.

चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या लांब होत नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं झिजतात, प्रत्येक जोडात केसभर ढील येते आणि शंभराहून जास्त जोडांची ढील एकत्र होते. म्हणूनच तेलापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. तेलात मिसळलेली रेती जोडाच्या आत पॉलिश पेपरचं काम करते.

तेल कुठलं? घरातलं शिलाई मशीनचं चालेल का?

शिलाई मशीनचं तेल फार पातळ असतं. अडीअडचणीला चालेल, पण एका ओल्या फेरीत निघून जातं. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल तर मुळीच नको, कारण त्यात इंजिनातला धातूचा चुरा आधीच असतो. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा नेहमीचा डबा गंजलेला नट सोडवायला आणि पाणी हटवायला चांगला आहे, चेनचं रोजचं वंगण म्हणून तो पुरत नाही.

सायकलसाठीच्या तेलात ड्राय आणि वेट असे दोन मुख्य प्रकार मिळतात. ऑक्टोबर ते मे ड्राय, पावसात वेट, हा साधा नियम मुंबईला बसतो. वेट घट्ट असल्यामुळे पाण्याला तग धरतं, पण कोरड्या दिवसांत तेच तेल ठेवलं तर मेट्रोच्या कामांची सगळी धूळ गोळा करून काळी पेस्ट बनवतं. तेल देताना प्रत्येक जोडाच्या रोलरवर एकेक थेंब टाका, पॅडल उलटं फिरवा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि मग बाहेरून फडक्याने पुसून काढा. बाहेर दिसणारं तेल काही कामाचं नसतं.

चेनला मेण लावण्याची नवी पद्धत मुंबईत उपयोगाची आहे का?

आठ महिने आहे, आणि फारच छान आहे. चेन आधी तेलाचा अंशही न राहीपर्यंत साफ करायची, मग वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची. मेण जोडांच्या आत जाऊन घट्ट होतं. बाहेरून चेन कोरडी राहते, धूळ चिकटत नाही, हात काळे होत नाहीत. मेण थेट गॅसवर वितळवू नका, त्याची वाफ पेट घेऊ शकते. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा.

पावसाळ्यात मात्र मेणाला मर्यादा आहेत. मेण धातूला तेलासारखं झाकून ठेवत नाही, त्यामुळे भिजलेली मेणाची चेन रात्रभर तशीच राहिली तर सकाळी गंजलेली मिळते. दर ओल्या फेरीनंतर चेन काढून वाळवून पुन्हा मेणात बुडवण्याइतका वेळ कुणाकडे असेल तर गोष्ट वेगळी. मी जूनपासून वेट तेलावर जातो.

पावसाळ्याआधी नक्की काय काय करून घ्यावं?

मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास पोचतो, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ओव्हरऑइलिंग, म्हणजे सायकल उघडून साफसफाई आणि ग्रीसिंग. नंतर दुकानात गर्दी होते आणि कामं घाईत उरकली जातात.

हबमध्ये छर्रे असतील तर ते काढून, जुनं ग्रीस पुसून, नवं ग्रीस भरून घ्या. सीलबंद बेअरिंग असेल तर चाक उचलून बोटाने हळू फिरवा. खरखर बोटाला कळते. खरखर लागली तर बेअरिंग बदला, पावसात ती वाढणारच आहे. गिअरच्या आणि ब्रेकच्या तारा ओढून पाहा. ज्या ठिकाणी तार खोळीत शिरते तिथे एखादा धागा जरी तुटलेला दिसला तरी पूर्ण तार बदलायची. ब्रेक पॅडची जाडी बघा. सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा.

आणि मडगार्ड लावा. चांगली दिसणारी सायकल मडगार्डने खराब दिसते ही तक्रार मला कळते, पण पुढच्या चाकाने उडवलेला रस्त्यावरचा गाळ थेट चेनवर आणि बॉटम ब्रॅकेटवर जातो. लांब, चाकाला पुरेपूर झाकणारं मडगार्ड चेनचं आयुष्य खरोखर वाढवतं. मागून सायकलवर येणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर चिखल उडत नाही हेही थोडं नाही.

साचलेल्या पाण्यातून सायकल न्यावी का?

टाळा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरल्यावर खालचं काहीच दिसत नाही. उघडं गटार, उचकटलेला पेव्हर ब्लॉक, सायकलच्या चाकाला समांतर असलेल्या जाळीच्या फटी, सगळं पाण्याखाली. उतरून, सायकल ढकलत, लोक ज्या वाटेने चालताहेत त्याच वाटेने जा.

पाणी हबच्या वर चढलं असेल तर टाळाटाळ करू नका, त्याच आठवड्यात हब आणि बॉटम ब्रॅकेट उघडून बघा. फ्रेमच्या आतही पाणी जातं. सीटपोस्ट काढा आणि सायकल उलटी करून रात्रभर ठेवा. पायाला जखम असताना अशा पाण्यातून गेला असाल तर सायकलच्या आधी डॉक्टरकडे जा. लेप्टोचा धोका असतो आणि महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते.

डिस्क ब्रेक घ्यावा की रिम ब्रेक?

मुंबईसाठी डिस्क. रिम ब्रेक कोरड्यात उत्तम चालतो, हलका असतो, दुरुस्तीला सोपा असतो. पण ओल्या रिमवर ब्रेक लावल्यावर पहिलं अर्धं-एक फिरणं पाणी पुसण्यातच जातं आणि रिक्षा समोर कधी थांबेल याचा नेम नसतो. शिवाय पॅडमध्ये अडकलेली रेती रिम खरवडते. हात लावला की काळं पाणी निघतं ते अॅल्युमिनियम असतं, म्हणजे तुमची रिमच. शर्यतींच्या जगातही हा वाद मिटला आहे. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुलै २०१८ पासून रोड रेसमध्ये डिस्कला कायमची परवानगी दिली आणि त्यानंतर नव्या महागड्या रोड सायकलींवरून रिम ब्रेक जवळजवळ नाहीसा झाला.

ज्यांच्याकडे चांगली रिम ब्रेकची सायकल आहे त्यांनी ती विकायची मुळीच गरज नाही. पॅडमधले धातूचे आणि रेतीचे कण सुईने काढत राहा, रिमवरची झीज दाखवणारी खाच बघत राहा, आणि पावसात ब्रेक लवकर धरा.

तारेवरची डिस्क की हायड्रॉलिक? तारेवरची कुठल्याही नाक्यावर नीट होते. हायड्रॉलिक बोटभर दाबाने थांबते आणि पॅडची झीज स्वतःच भरून काढते. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्यांनी हायड्रॉलिक घ्यावा. मुंबई–पुणे शर्यतीत घाटाचा राजा ठरवणारा हाच बोरघाट उतरताना हाताच्या पंजांची परीक्षा बघतो.

दादा, ब्रेक लावला की इतका किंचाळतो की सोसायटीत सगळे बघतात. काय करू?

बहुतेक वेळा डिस्कवर तेल गेलेलं असतं. चेनवर स्प्रे मारताना उडालेला तुषार, किंवा चिकट बोटाने डिस्कला केलेला स्पर्श, एवढ्यानेही होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन डिस्क पुसा. पॅड काढून त्याचा वरचा थर सपाट पॉलिश पेपरवर हलका घासा. तेल खोलवर मुरलं असेल तर पॅड बदलणं हाच उपाय. मग उतार नसलेल्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा आणि चाक लॉक न करता हळूहळू ब्रेक दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यायचं. असं वीसेक वेळा करा. यामुळे पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि आवाजही जातो, पकडही येते. आरेचा रस्ता सकाळी लवकर यासाठी बरा पडतो.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये गाडीचं ब्रेक ऑइल घातलं तर?

शिमानो किंवा टेक्ट्रोमध्ये घातलंत तर सील फुगतील आणि पूर्ण ब्रेक बदलावा लागेल. या दोन्ही कंपन्या मिनरल ऑइल वापरतात. स्रामच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१ (गाड्यांच्या ब्रेक ऑइलच्या जातीचं द्रव) लागतं, पण त्यांच्याही काही नव्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आलं आहे, त्यामुळे लिव्हरवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. दुकानदार कितीही खात्रीने सांगत असला तरी वाचा.

डॉट हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ओलावा वाढला की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. मुंबईच्या हवेत डॉटचा ब्रेक वर्षातून एकदा ब्लीड करून (जुनं द्रव आणि आतली हवा काढून नवं भरून) घेणं शहाणपणाचं, पावसाळा संपल्यावर.

टायरमध्ये हवा किती ठेवायची? टायरवर लिहिलेली सगळ्यात जास्त भरली तर सायकल पळते का?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत सायकलच्या तंत्रात जी खरोखर सगळ्यांच्या कामाची गोष्ट बदलली ती हीच, आणि तिला ना बॅटरी लागते ना जास्त पैसे. पूर्वी रोड सायकलला २३ मिमीचा टायर आणि १०० ते १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा हा दंडक होता. गुळगुळीत ट्रॅकवर तो ठीक होता. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर सायकल आणि माणूस दोघांना वर उडवतो, आणि त्या उडण्यात पुढे जाण्याची ताकद वाया जाते. रुंद टायर कमी हवेत उंचवटा पोटात घेतो. म्हणून आता शर्यतीतले लोकही २८ ते ३२ मिमीवर आले आहेत.

मुंबईच्या रस्त्यांना तर हे वरदानच आहे. २८ मिमीचा टायर आणि ७० किलोचा चालवणारा असेल तर ६५ ते ७५ पीएसआयपासून सुरुवात करा. ४० मिमीच्या हायब्रिडला ४० ते ५०. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून पुढे तीन-चार पीएसआय कमी. पावसात दोन्हीत आणखी पाचेक कमी केले तर ओल्या झेब्रा पट्ट्यांवर पकड वाढते. फार कमी करू नका, खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

रिम हुकलेस (टायर धरणारी आतली वळलेली कड नसलेली) असेल तर ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायचीच नाही, आणि टायरही हुकलेससाठी चालेल असं लिहिलेलाच घ्यायचा. हा नियम कडक पाळा.

पेट्रोल पंपावर प्रेस्टा व्हॉल्व्हला (सायकलचा बारीक, लांब व्हॉल्व्ह) अडॅप्टर लागतो. तो पितळेचा एवढासा तुकडा सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा. घरी मात्र काट्याचा उभा पंप हवाच. अंगठ्याने दाबून हवा ओळखता येते असं सांगणारे लोक भेटतात, पण ६० आणि ८० मधला फरक अंगठ्याला कळत नाही.

ट्यूबलेस करावं का?

रोज पंक्चर होत असेल तर करा. काच, खिळा, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या तारेचे तुकडे, या सगळ्यांनी पडणारी बारीक भोकं आतलं द्रव सीलंट चालता चालता बुजवतं. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेने आणि घोडबंदर रोडवर चालवणाऱ्यांना त्या तारांची ओळख सांगायला नको.

एक अट आहे. सीलंट सुकतं, आणि आपल्या उकाड्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर सीलंट संपलं. हे लक्षात राहणार नसेल तर ट्यूबच बरी. सीलंट असतानाही एक जादा ट्यूब जवळ ठेवा, कारण टायर कापला गेला तर सीलंट काही करू शकत नाही.

आता टीपीयू नावाच्या पातळ प्लास्टिकच्या ट्यूबही मिळतात, मुठीत मावतील एवढ्या लहान आणि नेहमीच्या ब्यूटिल रबराच्या निम्म्याहून हलक्या. जादा ट्यूब म्हणून त्या उत्तम. त्यांना नेहमीचं सोल्यूशन आणि रबराचा ठिगळ चिकटत नाही, त्यांचा वेगळा पॅच लागतो.

पंक्चर काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. असं का?

टायरमधला काटा तसाच राहिला. ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता हे लक्षात ठेवा. बादलीत बुडबुडे जिथे दिसतील ती जागा व्हॉल्व्हपासून मोजा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर आतून-बाहेरून शोधा. बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. तारेचं टोक केसाएवढं असतं, डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा धागा तिथे अडकतो. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर दोष टायरचा नसून रिमच्या पट्टीचा आहे. स्पोकचं टोक किंवा भोकाची कड ट्यूबला टोचतेय.

इलेक्ट्रॉनिक गिअर घ्यावेत का?

चालवायला फार सुंदर आहेत. शिमानोचा डुरा-एस डीआय२ २००९ साली आला, स्रामचा बिनतारी ईटॅप २०१५ साली. तार नाही म्हणजे तारेत गाळ जाणं नाही, गंज नाही, ताण सैल होणं नाही. पावसाळी शहरात हा मोठा फायदा आहे. डीआय२ एका चार्जवर साधारण हजार किलोमीटर जातो.

तरीही घेताना माझा नेहमीचा प्रश्न विचारा. कर्जत-मुरबाडच्या पुढे कुठेतरी मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) दगडावर आपटला, तर तारेचा गिअर कामचलाऊ वळवून घरी येता येतं. इलेक्ट्रॉनिक असेल तर टेम्पो शोधायचा. आणि बदली भागाची किंमत पूर्ण साध्या गिअरसेटच्या आसपास जाते. लक्षणीय गोष्ट अशी की शिमानोने २०२३ साली '१०५' या गिअर मालिकेचा १२ स्पीडचा तारेवरचा संच पुन्हा आणला. तार हवी असलेले लोक अजून बरेच आहेत.

रोजच्या वापराला मला शिमानोचा क्यूज हा गिअरसेट जास्त मोलाचा वाटतो. तोही २०२३ चा. त्यातल्या लिंकग्लाइड कॅसेटचे दात जाड आणि उंच आहेत, आणि जुन्या पद्धतीच्या कॅसेटच्या तिप्पट टिकतात असं कंपनी सांगते. ९, १० आणि ११ स्पीडचे भागही बरेचसे एकमेकांना चालतात. दुकानात एक भाग मिळाला नाही म्हणून सायकल महिनाभर पडून राहण्याचा त्रास त्याने कमी होतो.

गिअर आपोआप उडतात. केबल घट्ट केली तरी तेच.

हँगर बघा. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, म्हणजे मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर टेकली तरी तो वाकतो. मागून उभं राहून पाहा. डिरेलरच्या दोन्ही लहान चक्र्या कॅसेटच्या दातांखाली एका उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. तिरक्या दिसल्या तर आधी हँगर सरळ करून घ्या, केबलला नंतर हात लावा. आपल्या सायकलचा जादा हँगर विकत घेऊन ठेवा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि ऐन वेळी मिळत नाही. नव्या सायकलींवर यूडीएच नावाचा सामायिक हँगर येऊ लागलाय, ही फार चांगली गोष्ट झाली.

फ्रेम कशाची घ्यावी, अॅल्युमिनियम, कार्बन की स्टील?

खाऱ्या हवेत कार्बनला गंज नाही, अॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड येते पण ती बहुधा वरवरची, आणि स्टीलला आतून गंज लागतो. स्टील घ्यायचंच असेल, आणि लांब पल्ल्याला ते खूप सुखाचं असतं, तर नळ्यांच्या आत गंजरोधक फवारा मारून घ्या.

खरी अडचण दोन वेगळे धातू भेटतात तिथे येते. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची सीटपोस्ट आणि मध्ये खारं पाणी असलं की दोन धातूंमध्ये बारीक विजेचा प्रवाह सुरू होतो, अॅल्युमिनियमचा पांढरा क्षार साचून जागा भरते आणि पोस्ट फ्रेमशी एकजीव होते. मग मेकॅनिक पाईप पाना लावतो, कधी करवतीने कापून काढावी लागते. वर्षातून दोनदा पोस्ट काढून ग्रीस लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे. कार्बनची पोस्ट असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. पॅडलच्या आट्यांनाही ग्रीस लावा, आणि काढताना लक्षात असू द्या की डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात.

आजोबांची जुनी काळी सायकल आहे. चालू करण्यात अर्थ आहे का?

जरूर आहे. एकेकाळी हिंद सायकल्सचा कारखाना इथेच वरळीला होता, आणि डबेवाल्यांच्या हाताखाली याच घाटणीच्या सायकली आजही वजन वाहतात. छर्रे, ग्रीस, टायर-ट्यूब, दांड्याच्या ब्रेकचे रबर, सगळं काळबादेवीच्या सायकल बाजारात मिळतं. टायर मागताना २८ इंच बाय दीड सांगा. त्याचं आतलं माप ६३५ मिमी आहे, नव्या ७०० सी चं ६२२, त्यामुळे दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. रिम स्टीलची असल्यामुळे पावसात ब्रेक फार उशिरा लागतो. ती सायकल कोरड्या दिवसांत चालवा.

ई-सायकलला लायसन्स लागतं का? पावसात चालते का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॉटच्या आत असेल आणि ताशी २५ किमीला तिची मदत बंद होत असेल, तर ती सायकलच धरली जाते. लायसन्स नको, नोंदणी नको. मोटरची ताकद किंवा वेग वाढवून घेतला की ही सूट संपते, अपघात झाल्यावर हा मुद्दा महाग पडतो.

पावसात चालते, पण बुडवू नका. घरी आल्यावर बॅटरीचे पितळी टोक पुसा आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. चार्जर कंपनीचाच वापरा. बिनलिफ्टच्या इमारतीत राहत असाल तर निघणारी बॅटरी असलेलीच सायकल घ्या, कारण वीस-बावीस किलो रोज तिसऱ्या मजल्यावर चढत नाहीत.

सायकल कुठे नेता येत नाही?

वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि मुंबई–पुणे एक्सप्रेस वे. लोणावळ्याला जुन्या हायवेने पनवेल-खोपोलीवरून जायचं. अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सोयीची आहे. डेकवर सायकलला खारं वारं लागतं, पोचल्यावर ओलं फडकं फिरवा.

पहिल्यांदा २०० किमीची बीआरएम करतोय. सायकलची काय तयारी?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी. २०० किमीला वेळ साडेतेरा तास असतो, त्यामुळे घाई नसते, बंद पडण्याचं मात्र भय असतं. नवा टायर, नवी सीट, नवे बूट त्या दिवशी प्रथम वापरू नका. दोन ट्यूब, ठिगळांचा डबा, टायर काढायचे पट्टे, छोटा पंप, एलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या स्पीडची एक क्विक लिंक (चेन पटकन जोडणारा जोड) जवळ ठेवा. पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जॅकेट नियमानेच लागतं. मागून येणारी गाडी ओळखणारा रडार कसाऱ्याच्या रस्त्यावर फार आधाराचा वाटतो. शहरात तो सतत वाजत राहतो, तिथे बंद ठेवा.

महिनाभर गावी जातोय. सायकल कशी ठेवू?

धुवून, पूर्ण वाळवून, चेनला वेट तेलाचा हात देऊन ठेवा. गिअर मागच्या सगळ्यात लहान चक्रीवर आणा, म्हणजे तारेवर ताण राहत नाही. हवा भरलेली असू द्या, रिकाम्या टायरवर सायकल उभी राहिली तर त्याच्या भिंती चिरतात. भिंतीवरच्या हुकाला टांगणार असाल तर हायड्रॉलिक ब्रेकवाल्यांनी परत आल्यावर लिव्हर दहा-वीस वेळा दाबून बघावी. स्पंजासारखी लागली तर हवेचा बुडबुडा लाईनमध्ये आलाय, सायकल सरळ उभी करून काही तास ठेवा आणि पुन्हा दाबा. तरीही तसंच असेल तर ब्लीड करून घ्या. ई-सायकलची बॅटरी अर्धी-अधिक भरून, काढून, घरात सावलीत ठेवा. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या लिव्हरमधला बटण सेल काढून ठेवलात तर उत्तम. दमट हवेत त्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो.